अंदाजपत्रकात नसलेल्या ओळी

सोलापूरच्या बांधकामाचा इतिहास वाड्यांपासून किंवा भुईकोट किल्ल्यापासून सांगायला घेतला तर पहिले प्रकरण राहून जाते. ते पाण्याचे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव उभा केला आणि गाव त्याच्या आधाराने वाढले, असे इथली परंपरा सांगते. १८७१ साली आदिला नदीवर एकरुखचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला हिप्परग्याचा तलाव पूर्ण झाला. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण झाले आणि पुढे शहराची तहान भागवायला तिथून शंभरएक किलोमीटरची जलवाहिनी आणावी लागली. तरीही या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाचे पाणी भरले आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत जाणार, जमीन काळी आणि फुगणारी. अशा ठिकाणी सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून ज्याचे पोट भरते, त्याची पर्यावरणाशी पहिली गाठ टँकरच्या बिलावर पडते. त्या ठेकेदारासाठी लिहिलेल्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे.

पर्यावरणपूरक बांधकाम म्हटले की चर्चा वास्तुविशारदाकडे जाते, नाहीतर कायद्याकडे. ठेकेदार हा दोघांनी सांगितलेले करणारा हात, असे धरून चालतात. महानगरांत ते काही अंशी खरे असेल. सोलापुरात मात्र बहुसंख्य घरे हजार-दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर उभी राहतात, आणि या आकाराचे घर बहुतेक हरित नियमांच्या चाळणीतून खाली पडते. केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. हरित मानांकन घेतल्यास तीन, पाच किंवा सात टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते, पण मानांकनाचा खर्च आणि कागदपत्रे तळमजला अधिक एक बांधणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची. राडारोड्याच्या २०१६च्या नियमांनी व्यवस्थापनाचा आराखडा मागितला तो दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्यांकडून. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांचा रोखही मुख्यतः २०,००० चौरस मीटरच्या प्रकल्पांवर आहे. मग मधल्या हजारो घरांत वाळू कोणती, वीट कुठली, स्लॅबवर पाणी किती दिवस आणि राडा कुठे, हे कोण ठरवते? नकाशावर त्यातले काहीच लिहिलेले नसते. ठरवतो तो ठेकेदार. बहुतेक वेळा फोनवर, सकाळी माल मागवताना.

म्हणून ठेकेदाराला उपदेश करावा, असे अनेकांना वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. ठेकेदाराचे वागणे त्याच्या विवेकापेक्षा त्याच्या अंदाजपत्रकाच्या नमुन्यावर अधिक अवलंबून असते, आणि बदलायला हवा तो नमुना. इथे काम घेण्याच्या दोन रीती आहेत. एक मजुरीवर: माल मालकाचा, ठेकेदाराला चौरस फुटामागे मजुरी. या रीतीत सिमेंटचे पोते वाचले काय आणि पावसात दगड झाले काय, ठेकेदाराच्या खिशाला फरक पडत नाही. दुसरी रीत मालासह, सगळा मिळून चौरस फुटाचा एक दर. इथे त्याला पोते वाचवण्याची ओढ असते, कधी नको तितकीही. पण दोन्ही रीतींत काही गोष्टी कागदावर येतच नाहीत. पाणी मालकाच्या बोअरचे, म्हणून फुकट. पाणी मारण्याचे काम वॉचमनच्या घरच्यांवर सोपवलेले, म्हणून तेही फुकट. राडा ट्रॅक्टरवाला नेतो; कुठे टाकतो हे विचारायचे नसते. विटांची चाचणी नाही, वाळूची नाही. ज्याला दर नाही त्याची उधळपट्टी कोणाच्या लक्षातच येत नाही.

पाण्याचा हिशेब मांडून पाहू. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर वाफे करून दोन इंच पाणी उभे केले की पहिल्या भरण्यालाच साडेचार हजार लिटरहून जास्त लागते. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडते असे धरले, तर रोज नऊशेएक लिटरची भर. दहा दिवसांत चौदा हजार लिटर एका स्लॅबवर गेले. आता यात एक पेच आहे आणि पर्यावरणावर लिहिणारे तो सहसा टाळतात. राखमिश्रित सिमेंट पर्यावरणाला बरे, पण त्याची ताकद सावकाश येते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओल हवी, मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि कोरड्या-उष्ण हवेत मिश्र सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. म्हणजे कार्बन वाचवायला जावे तर सोलापुरात पाण्याचे दिवस वाढतात. यातून पळवाट काढून दिवस कमी करणारा ठेकेदार सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण कच्चा राहिलेला स्लॅब पंधरा-वीस वर्षांत गळू लागतो आणि त्याच्या दुरुस्तीत पुन्हा सिमेंट, लोखंड आणि पाणी जाते. उत्तर आहे ते ओल टिकवण्याच्या पद्धतीत. वाफ्यांऐवजी भिजवलेले गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद घातला की उभे करायचे साडेचार हजार लिटर वाचतात, आणि उडून जाणारे पाणीही बरेच अडते. कॉलम आणि भिंतींसारख्या उभ्या कामांवर, जिथे पाणी मारले की खालीच वाहून जाते, तिथे ओल धरणारा लेप विचारात घ्यावा. गोणपाट दुपारी वाळते ही गवंड्यांची तक्रार खरी आहे. त्यासाठी दुपारी एक माणूस लागतो आणि त्या माणसाची मजुरी लागते. ती ओळ अंदाजपत्रकात नाही, म्हणून वाफे आहेत.

त्याच छताची दुसरी बाजूही मोजावी. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर त्या ९३ चौरस मीटरवर पन्नास हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चाळीस हजार उरते. गच्चीचा उतार आणि पन्हळीच्या पाइपांची तोंडे स्लॅब टाकतानाच एका कोपऱ्याकडे नेली, तर पुढे टाकी किंवा बोअरभरण करणे अगदी स्वस्त पडते. नंतर करायचे तर फोडाफोडी आली. कायदा मागत नाही म्हणून हे सोडून देणे हा ठेकेदाराचा आळस आहे, दुसरे काही नाही. आणि काम चालू असताना धूळ बसवायला किंवा भराव कुटायला पिण्याचे पाणी कशाला हवे? शहराचे सांडपाणी देगावला प्रक्रिया होऊन बाहेर पडते. ते आणण्याची सोय झाली तर या कामांना पुरेसे आहे.

सिमेंटकडे वळू. एक टन क्लिंकर, म्हणजे जो दळून सिमेंट होते तो माल, भाजताना आठ-नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा चुनखडीतूनच सुटतो, भट्टीत इंधन कोणतेही असो. म्हणून क्लिंकर कमी वापरणे हाच सरळ मार्ग. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळ मानाने चारशे पोती, म्हणजे वीस टन सिमेंट जाते. त्यात तीस टक्के राख असेल तर एका घरामागे पाचएक टन कार्बन वाचतो. मजा अशी की सोलापुरात हे मोठ्या प्रमाणात आधीच घडते आहे, आणि त्याला कोणी हरित वगैरे म्हणत नाही. होटगीला सिमेंट दळले जाते, पीपीसीचे, म्हणजे राखमिश्रित सिमेंटचे पोते स्वस्त पडते, म्हणून ते खपते. दर योग्य दिशेला असला की भाषणाची गरज उरत नाही, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. जिथे अजून त्रेपन्न ग्रेडच्या साध्या सिमेंटचाच आग्रह धरला जातो, तिथे कारण बहुधा सेंट्रिंग लवकर काढायची घाई हे असते. घमेल्याने माप, आणि माल ढकलायला जड जातो म्हणून ओतलेली जादा बादली, यांनी गेलेली ताकद भरून काढायला आणखी एक पोते टाकायचे, ही इथली जुनी खोड. मापाचा फर्मा वापरला आणि पाणी मोजून घातले तर ते पोते वाचते. यात नवे तंत्रज्ञान काहीच नाही.

राखेचा दुसरा उपयोग विटांत. दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते, तेव्हा राख या तालुक्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरणार आहे. ती तळ्यात साठून उन्हाळी वाऱ्याबरोबर शेतात उडणार, की भिंतीत बसणार, एवढाच प्रश्न आहे. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पापासून ३०० किलोमीटरच्या परिघातील बांधकामांनी, सरकारी असोत वा खासगी, राखेची उत्पादने वापरायची आहेत. अट अशी की ती पर्यायी मालापेक्षा महाग नसावीत. लाल वीट भट्टीत भाजायची तर वरच्या थराची सुपीक माती आणि इंधन दोन्ही जातात. राखेची वीट भाजावी लागत नाही. तरी गवंडी नाक मुरडतो: प्लास्टर धरत नाही, भिंतीला चिरा जातात, कोपरे फुटतात. या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यांची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. वीट पुरेशी पिकण्याआधी विकली जाते. आणि लाल विटेच्या सवयीने चिंब भिजवून, घट्ट सिमेंटच्या मालात बांधली जाते. मानक १२८९४ मध्ये या विटेच्या ताकदीची वर्गवारी आहे आणि पाणी शोषण्याची मर्यादा वीस टक्के आहे. शहरात शासकीय तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालये असताना प्रत्येक खेपेतल्या चार-सहा विटा तपासून घेणे कठीण नाही. अडचण पुन्हा तीच, चाचणीला ओळ नाही. चाचणी नाही म्हणून वाईट वीट टिकते, आणि वाईट विटेमुळे चांगलीचेही नाव जाते.

वाळूच्या बाबतीत मी इतका निःशंक नाही. भीमा आणि सीना या नद्यांनी वाळूउपशाचे काय भोगले आहे ते मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूरच्या काठावरल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पात्रातली वाळू गेली की पाणी धरून ठेवणारा थर जातो आणि काठच्या विहिरी खाली जातात. राज्य सरकारने २०२५ मध्ये दगडापासून तयार केलेल्या वाळूला, म्हणजे एम-सँडला, प्रोत्साहन देणारे धोरण आणले. मानक ३८३च्या २०१६च्या आवृत्तीतही तिला स्थान आहे. काँक्रीटसाठी चांगल्या क्रशरची एम-सँड वापरायला हरकत नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. पण तीही निष्पाप नाही. तिच्यासाठी माळावरचा दगड फोडावा लागतो, आणि सोलापूरचे माळ ओसाड नसतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य याच गवताळ माळावर आहे. शिवाय तिची भुकटी धुवून काढायला पाणी लागते. म्हणून ठेकेदाराने नदीची वाळू सोडून एम-सँड घेतली की कर्तव्य संपले, असे हे पुस्तक म्हणत नाही. वाळू कमी लागेल असे काम करणे हेच पहिले. भिंत ओळंब्यात असेल तर प्लास्टर अर्ध्या इंचात होते. वाकडी असेल तर सव्वा इंच चढवावे लागते. हा फरक ब्रासमध्ये मोजून पाहावा. सरळ भिंत बांधणारा गवंडी चार रुपये जास्त मागत असेल तर तो स्वस्तच आहे.

राड्याबद्दल थोडक्यात. जुन्या घराचे दगड, सागवान, लोखंड आजही विकले जाते. या बाबतीत आपले आजोबा आपल्यापेक्षा हिशेबी होते. उरतो तो विटा-काँक्रीटचा चुरा, आणि तो ओढ्यात किंवा तलावाच्या काठी रात्री रिकामा होतो. मानक ३८३ नुसार काँक्रीटचा फोडलेला चुरा हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्क्यांपर्यंत खडी म्हणून चालतो. पायाखालचे साधे काँक्रीट (पीसीसी) आणि जोत्याचा भराव यांतच घरचा बराचसा राडा घरी जिरतो. पायातून निघालेली काळी माती मात्र भरावाला घालू नये, ती फुगते. ती शेतकऱ्याला द्यावी. फरशीचे उदाहरणही इथेच देतो. शहाबाद सोलापूरहून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तिथली फरशी खाणीतून काढून कापली की झाली. मोरबीची चकचकीत टाइल हजारेक अंशांहून अधिक तापमानाला भाजून, अर्धा देश ओलांडून येते. शहाबादी फरशी गरिबाची, असा समज मालकाच्या मनात आहे. उन्हाळ्यात अनवाणी पायाला कोणती बरी वाटते, हे त्यालाही ठाऊक असते.

आता आक्षेप. काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, जुन्या पद्धतीकडेच जा: जाड दगडी भिंती, वर माळवद, पांढऱ्या मातीचा थर. घर थंड राहते, सिमेंट लागत नाही. थंड राहते हे खरे. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला काय झाले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. लातूर-उस्मानाबादमधल्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली पुष्कळशी मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदाखाली. सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरले जाते. त्या पहाटेनंतर लोक आरसीसीकडे पळाले ते फॅशन म्हणून नव्हे, आणि त्या भीतीची टिंगल करणारा पर्यावरणवाद मला मान्य नाही. जुन्यातून घ्यायचे ते तत्त्व: पश्चिमेची भिंत तापू न देणे, छताला पांढरा थर देणे. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडे पत्र्याच्या आणि स्लॅबच्या छतांवर चुन्याचा हात मारणे कोणत्याही ठेकेदाराला एका दिवसाचे काम आहे. भूकंपासाठी पट्टे आणि सांधे मात्र काटेकोर असलेच पाहिजेत. लोखंड कमी करून हरित होता येत नाही.

दुसरा आक्षेप: माझ्या एकट्याने काय फरक पडणार? कुंभारीच्या माळावर रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यातल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. तिथे घरामागे एक पोते वाचवा, दीड हजार टन सिमेंट वाचते. सुटी घरे बांधणारा ठेकेदार एका जागी तीस हजार घरे बांधत नाही हे खरे. पण त्याच्या हाताखालचा गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो, आणि हाताला लागलेली सवय बरोबर नेतो. वाईट सवयी याच वाटेने शहरभर पसरल्या.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. सरकारी कामात सर्वात कमी दराची निविदा जिंकते. ज्याने चाचणी, राडा, गोणपाट, दुपारचा माणूस असे सगळे दरात धरले तो हरतो. ज्याने धरले नाही तो जिंकतो आणि मग कुठेतरी कापतो. इथे प्रामाणिक ठेकेदाराला शहाणपण सांगणे हा अन्याय आहे. दरसूचीत या बाबी स्वतंत्र याव्यात, निविदेत त्या सर्वांना सारख्याच धरायला लावाव्यात आणि त्यांचे मोजमाप पुस्तकात चढल्याशिवाय बिल निघू नये, हे काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि महापालिकेचे आहे. ठेकेदारांच्या संघटना दरवाढीसाठी एकत्र येतात, तशा या ओळींसाठीही येऊ शकतात; त्यात त्यांचेच हित आहे. खासगी कामात मात्र ही सबब चालत नाही. तिथे दरपत्रक ठेकेदारच लिहितो. मालकाला एकच आकडा दाखवला की तो शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहतो. आकडा फोडून दाखवला की तो प्रश्न विचारू लागतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या मालकाला कोपऱ्यातली पाण्याची टाकी पटवणे सोपे जाते.

पुस्तकाची मांडणी यावरूनच ठरली आहे. आधी पाणी, मग सिमेंट-वीट-वाळू, मग राडा, आणि शेवटी करार. सौर पॅनेलवर प्रकरण नाही, याबद्दल काही वाचक नाराज होतील. पॅनेल लावायचे की नाही हे मालक ठरवतो आणि ते बसवणारा वेगळा असतो. ठेकेदाराच्या हातात गच्चीवर मोकळी जागा आणि भिंतीत एक पाइप सोडणे एवढेच आहे, आणि ते योग्य ठिकाणी सांगितले आहे. शेवटी कराराचा एक नमुना जोडला आहे. त्यात नेहमीच्या बाबींखाली पाणी, ओल टिकवण्याची मजुरी, मालाची चाचणी आणि राड्याची विल्हेवाट अशा चार ओळी वाढवल्या आहेत, प्रत्येकीसमोर परिमाण आणि दोघांच्या सहीची जागा. दराचे रकाने कोरे ठेवले आहेत. टँकरचा दर होटगी रोडला आणि विडी घरकुलला एकच नसतो, आणि फेब्रुवारीत ठरलेला मे महिन्यात कोणी मानत नाही.